पहाटे पाचचा रेडिओ: किचनर-वॉटरलूची बातमी ऐकायची कशी, आणि आपली पोचवायची कशी

मी कॅनडातल्या किचनरमध्ये शाळेची बस चालवते. थंडीच्या दिवसांत पहाटे पावणेपाचला उठते, चहाचं आधण ठेवते आणि उकळी फुटायच्या आत ओट्यावरच्या रेडिओचं बटण दाबते. घरातले हसतात. ‘फोनवर सगळं असतं की गं,’ माझी लेक म्हणते. असतं ना. पण फोनवर सगळ्या जगाचं असतं, आणि मला पहाटे पाचला हवं असतं ते फक्त इथल्या ब्लॉक लाइन रोडचं.

ही सवय लागली पहिल्या हिवाळ्यात. तेव्हा माझ्याकडे रेडिओ नव्हता, व्हॉट्सॲप होतं. जानेवारीतली एक पहाट, बाहेर बर्फ भुरभुरतोय, आणि ग्रुपवर मेसेज आला : आज सगळ्या स्कूल बस रद्द. मी पुन्हा पांघरुणात शिरले. साडेसहाला डेपोतून फोन : बाई, कुठे आहात? मेसेज खरा होता, फक्त टोरांटोजवळच्या मारखमचा होता. ग्रुपमधल्या एकीच्या नणंदेने तिकडून पाठवलेला, आणि हिने तसाच पुढे ढकललेला. त्या दिवशी माझ्या बसची पोरं पंचवीस मिनिटं थंडीत उभी राहिली. शनिवारी जाऊन रेडिओ घेतला.

आता आमच्या मराठी मंडळात कोणी नवीन आलं की मी हे सगळं सांगत बसते. दरवेळी तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी गाव कळू द्या

टोरांटो इथून शंभरेक किलोमीटरवर. त्यामुळे होतं काय, की आपण टीव्हीवर, फोनवर टोरांटोच्याच बातम्या बघतो आणि त्यांना इथल्या समजतो. तिथल्या सबवेचा गोंधळ तुम्हाला तोंडपाठ असतो, आणि आपल्या गल्लीतला कचरा कोणत्या दिवशी उचलतात ते ठाऊक नसतं.

किचनर, वॉटरलू, केंब्रिज ही तीन शहरं, आणि वूलिच, विल्मट, वेलस्ली, नॉर्थ डम्फ्रीज या चार टाउनशिप मिळून वॉटरलू रीजन होतं. २०२१ च्या जनगणनेत किचनरची वस्ती २,५६,८८५ होती आणि रीजनची ५,८७,१६५. कारभार दोन मजल्यांवर चालतो. पोलीस, कचरा, आयऑन ट्राम आणि जीआरटी बस रीजनकडे. अग्निशमन, बागा, वाचनालय, आपल्या गल्लीतला बर्फ शहराकडे. शहराचा मेयर वेगळा, रीजनचा चेअर वेगळा. हे एवढं डोक्यात बसलं की बातमीत ‘कौन्सिलने ठरवलं’ ऐकल्यावर पहिला प्रश्न आपोआप पडतो : कुठल्या कौन्सिलने?

दुसरी गंमत रस्त्यांची. किंग स्ट्रीट वॉटरलूमध्ये उत्तर-दक्षिण म्हणून ओळखला जातो, आणि किचनरमध्ये शिरला की त्याचाच पूर्व-पश्चिम होतो. किंग आणि वेबर हे दोन रस्ते एकमेकांना एकदा नाही, तीनदा छेदतात. ‘किंग आणि वेबरला अपघात’ एवढं ऐकून गाडी वळवलीत तर थेट त्या अपघातातच जाऊन पोचाल. पुढचा शब्द ऐका, शहराचं नाव येतं का ते. आणि निवेदक नुसतं ‘एक्स्प्रेसवे’ म्हणाला तर तो कॉनेस्टोगा पार्कवे, म्हणजे ७/८ आणि ८५ क्रमांकाच्या महामार्गांचा पट्टा. हे कोणी सांगत नाही. जन्मापासून इथे असलेल्यांना सांगावंसं वाटतच नाही.

रेडिओची चार बटणं

गाडीतल्या रेडिओला जतन करायची बटणं असतात. त्यातली पहिली चार माझ्या पद्धतीने लावा, मग हवं तर बदला.

पहिलं ८९.१ एफएम, सीबीसी, म्हणजे कॅनडाची सार्वजनिक प्रसारणसंस्था. इथलं सीबीसी केंद्र मार्च २०१३ मध्ये सुरू झालं. इतक्या मोठ्या वस्तीला त्याआधी सीबीसीवर स्वतःचा सकाळचा कार्यक्रमही नव्हता. ‘द मॉर्निंग एडिशन’ ऐका. जाहिराती नाहीत, आरडाओरडा नाही, आणि मुलाखतीत समोरच्याला वाक्य पुरं करू देतात. इंग्रजी कानाला सरावायची असेल तर याच्याइतकी चांगली शिकवणी फुकटात मिळणार नाही. सकाळ उलटली की मात्र बराचसा वेळ प्रांताचे आणि देशाचे कार्यक्रम असतात. म्हणून गावाचं काय ते सकाळीच ऐकून घ्यायचं.

दुसरं ५७० एएम, रॉजर्स कंपनीचं बातम्यांचं केंद्र. रहदारी, हवामान, गावातल्या भांडणांवर लोकांचे फोन. इथे जाहिराती भरपूर आणि फोन करणाऱ्यांत तावातावाने बोलणारेही भरपूर, पण कोणत्या वळणावर ट्रक आडवा झालाय ते इथे कळतं. संध्याकाळी लावलंत आणि कोणी श्वास न घेता ओरडत असेल तर घाबरू नका, किचनर रेंजर्सची हॉकी चालू असेल. एएमला विजेच्या तारांखाली खरखर होते, आणि काही नव्या विजेच्या गाड्यांत एएमच नसतं. गाडी घेताना बघून घ्या. मी बघितलं होतं, विक्रेता माझ्याकडे बघतच राहिला.

तिसरं ९८.५, सीकेडब्ल्यूआर. सत्तरच्या दशकात सुरू झालेलं हे केंद्र कॅनडातलं पहिलं परवानाधारक सामुदायिक रेडिओ केंद्र म्हणून ओळखलं जातं. वेगवेगळ्या भाषांतले कार्यक्रम इथे लागतात.

चौथं १०२.७, सीकेएमएस, रेडिओ वॉटरलू. हे मुळात वॉटरलू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं. २००८ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून फीमधला वाटा काढून घेतला, तरी केंद्र बंद पडलं नाही. सभासदांनी आणि स्वयंसेवकांनी धरून ठेवलं. कधी जाझ, कधी कोणीतरी तासभर फक्त सायकलींविषयी बोलतंय. या दोन केंद्रांकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, कारण तिथे आपण नुसते ऐकणारे राहत नाही.

बाकी गाण्यांची केंद्रं. ९६.७ चिम, १०६.७ वर कंट्री, आणखीही आहेत. लोकप्रिय गाण्यांतली किमान ३५ टक्के कॅनेडियन वाजवायची असा रेडिओ-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सीआरटीसीचा नियम आहे, त्यामुळे तेच ते गायक पुन्हा पुन्हा का भेटतात ते कळेल. ८८.३ वर कॉनेस्टोगा कॉलेजची मुलं शिकता शिकता चालवतात. अडखळतात, पण मजा येते.

बर्फाच्या सकाळी ऐकताना एक पथ्य पाळा. ‘बस उशिरा’, ‘बस रद्द’ आणि ‘शाळा बंद’ ही तीन वेगळी वाक्यं आहेत. शिवाय आपलं शाळा मंडळ सरकारी की कॅथलिक, तेही त्या वाक्यात असतं. अर्धं ऐकून फोन उचलायचा नाही, पुरं ऐकायचं. आणि शहराने ‘स्नो इव्हेंट’ जाहीर केला की रस्त्यावरची गाडी उचला, मग बर्फ पडताना दिसो वा न दिसो. आमच्या समोरच्या काकांनी ‘कुठाय बर्फ?’ म्हणून वाट बघितली. बर्फही आला आणि दंडाची चिठ्ठीही आली.

घरात सेलवर चालणारा एक रेडिओ असू द्या. २१ मे २०२२, शनिवार, व्हिक्टोरिया डेची जोडून सुट्टी. सगळ्यांचे फोन एकदम तो कर्कश भोंगा वाजवायला लागले आणि काही मिनिटांत आभाळ काळंठिक्कर. डेरेचो म्हणतात त्या वादळाला. इथे ताशी १३२ किलोमीटर वेगाचा झोत मोजला गेला. नंतर वीज नाही, वायफाय नाही, आणि फोनची बॅटरी उतरत चाललेली. आम्ही चौघं गाडीत बसून रेडिओ ऐकत होतो, शेजारची दोन कुटुंबं खिडकीशी वाकून. त्या दिवसापासून लेक हसते, पण आधीपेक्षा कमी.

टीव्ही : संध्याकाळचे सहा

इथलं टीव्ही केंद्र म्हणजे सीटीव्ही किचनर, जुन्या लोकांच्या तोंडी अजून सीकेसीओ. १ मार्च १९५४ ला सुरू झालं. केबल नसली तरी साध्या अँटेनावर १३.१ ला दिसतं. मनोरा बेडनजवळ आहे, म्हणून अँटेना पश्चिमेच्या खिडकीत ठेवा. टीव्हीमागे कोंबलेला अँटेना आणि ‘काही दिसत नाही हो’ ही तक्रार मी पाच घरांत ऐकली आहे, आणि पाचही घरांत तो उचलून फक्त खिडकीत ठेवला.

पण एक बदल लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीटीव्हीच्या मालकांनी, म्हणजे बेल कंपनीने, हजारो नोकऱ्या कमी केल्या, आणि त्यात टोरांटो सोडून सगळीकडची दुपारची स्थानिक बातमीपत्रं बंद झाली. शनिवार-रविवारची तर टोरांटो, माँट्रियल आणि ओटावा सोडून सगळ्या ठिकाणची गेली. म्हणजे आपल्याकडे आता शनिवारी काही झालं, तर टीव्हीवर त्याला सोमवार उजाडतो.

कौन्सिलच्या बैठका शहराच्या संकेतस्थळावर दिसतात. सबंध बैठक कोणी बघू नये, आयुष्य मोठं नाही. विषयपत्रिका उघडा, आपल्या गल्लीचं नाव आहे का शोधा, तेवढाच तुकडा बघा. महापालिका निवडणुका दर चार वर्षांनी होतात, पुढची २६ ऑक्टोबर २०२६ ला. उमेदवार घरी पत्रक टाकतात, पण माणूस कसा आहे ते तो बैठकीत चिडल्यावर कळतं.

कागद आणि फोन

फेसबुक-इन्स्टाग्रामवर कॅनडातल्या बातम्या दिसत नाहीत, हे नवीन आलेल्यांच्या लक्षातच येत नाही. २०२३ च्या जूनमध्ये ऑनलाइन न्यूज कायदा झाला : बातम्या दाखवता तर वर्तमानपत्रांना पैसे द्या. मेटाने उत्तर दिलं, आम्ही दाखवतच नाही. ऑगस्ट २०२३ पासून तिथे बातम्यांचे दुवे बंद. मोकळ्या झालेल्या जागेत काय आलं? कोणीतरी लिहिलेलं, कोणीतरी ऐकलेलं, आणि ‘माझ्या मेव्हण्याचा मित्र पोलिसात आहे’ या जातीचं.

म्हणून उपाय जुनाच : पत्ता टाइप करून थेट बातमीच्या ठिकाणी जायचं. ‘द रेकॉर्ड’ हे इथलं दैनिक. बऱ्याच बातम्यांना पैसे लागतात. ते द्यावेत असं माझं मत आहे. न जमलं तर किचनरच्या क्वीन स्ट्रीटवरच्या मुख्य वाचनालयात जा, आणि वाचनालयाच्या कार्डावर घरबसल्या कोणती वर्तमानपत्रं वाचता येतात ते तिथेच विचारा. केंब्रिजला राहत असाल तर ‘केंब्रिजटुडे’ फुकट आहे. एल्मायराकडे ‘वूलिच ऑब्झर्व्हर’ हे साप्ताहिक अजून छापून येतं. पूर्वी ‘वॉटरलू क्रॉनिकल’सारखी साप्ताहिकं दारात पडायची. सप्टेंबर २०२३ मध्ये ती काढणाऱ्या मेट्रोलँड कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यांच्या सत्तरहून जास्त साप्ताहिकांची छपाई एका दिवसात थांबली. त्यांच्यासोबत सवलतीची पत्रकंही गेली; आमच्याकडे खरा शोक त्या पत्रकांचा झाला.

प्रत्येक ठिकाणच्या रोजच्या बातमीपत्राला आपला ईमेल देऊन ठेवा. सकाळी एक नजर टाकायला दोन मिनिटं पुरतात.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी विल्मटचं सांगते. मार्च २०२४ मध्ये बाहेर आलं की रीजनला विल्मटमधली ७७० एकर शेतजमीन हवी आहे. शेतकऱ्यांच्या दारात माणसं गेली, कशासाठी हवी ते नीट सांगेनात, आणि जमीन सक्तीने घेतली जाण्याची धास्ती. टोरांटोच्या बातम्यांत ते उडत उडत आलं. इथल्या बातमीदारांनी ते महिनोन्‌महिने लावून धरलं. माझा मार्ग त्या बाजूने जातो. शेतांच्या कडेला लावलेल्या पाट्या मी रोज बघत होते, आणि त्यांचा अर्थ मला रेडिओने सांगितला.

आणि व्हॉट्सॲपचा नियम : पुढे पाठवण्याआधी त्यात गाव आणि तारीख आहे का बघा. नसेल तर पाठवणाऱ्याला विचारा, ‘ताई, हे कुठलं?’ आमच्या ग्रुपवर आता लोक मला घाबरून आधीच लिहितात : ‘किचनरचं आहे, आजचं आहे.’

आपली बातमी आत कशी जाते

आपल्या लोकांचा समज असा की टीव्हीवाले येतात ते ओळखीने. तसं नाही. एवढ्या मोठ्या रीजनला मूठभर बातमीदार, त्यांना रोज काहीतरी चांगलं हवं असतं, आणि त्यांना नीट सांगणारे थोडे. आमच्या मंडळाने तीन वर्षं गणपतीचं निमंत्रण पाठवलं, कोणी फिरकलं नाही. का, ते मला नंतर कळलं. आम्ही रंगीत पत्रिका जोडायचो, त्यावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि प्रायोजक यांची नावं, आणि कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी सहाला.

चौथ्या वर्षी मी हट्ट धरला. शनिवारच्या कार्यक्रमाचं निमंत्रण द्यायचंच नाही. गुरुवारी दुपारी एकला मोदक करायला बायका जमणार आहेत, त्याचं द्यायचं. सहाच्या बातम्यांत यायचं तर बातमीदाराला चारपर्यंत परत जाऊन जोडकाम करायचं असतं, म्हणून एक वाजता. ईमेलच्या विषयात लिहिलं : ‘गुरुवारी दुपारी १ वाजता, २१ बायका, ११०० मोदक’. आत सहा ओळी इंग्रजीत. काय, कुठे, कधी, का. गाडी कुठे लावायची. आणि एका माणसाचा फोन नंबर. एकाचाच. तीन नंबर दिले की तिन्ही उचलले जात नाहीत. खाली अवघड नावांचे उच्चार सोपे तोडून. आठ दिवस आधी पाठवलं, आणि त्या दिवशी सकाळी नऊला बातमीकक्षात एक फोन, अर्ध्या मिनिटाचा. पत्रिका जोडली नाही. खजिनदारकाका चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आली एकटी मुलगी. कॅमेरा तिचाच, तिपाई तिचीच, प्रश्नही तिचेच. आता बहुतेक एकेकटेच येतात, त्यामुळे दार उघडायला आणि सामान धरायला एक माणूस ठेवा. तिने कॅमेरा उकडीच्या परातीवर वाकवला आणि भिंगावर वाफ धरली. पुसलं, पुन्हा धरली. मग ती हसली आणि जरा लांब उभी राहून नुसत्या हातांचंच चित्रण करत राहिली : तांदळाच्या पिठाची पारी, अंगठ्याने पडणारा खळगा, चिमटीतून निघणाऱ्या कळ्या. मी माझं भाषण तयार ठेवलं होतं, संस्कृती, वारसा, पुढची पिढी वगैरे. तिने ते शांतपणे टिपून घेतलं. मग शेजारच्या मावशींना विचारलं, एखादी कळी तुटली तर काय करता? मावशी इंग्रजीत बोलायला बिचकतात. पारी फिरवता फिरवता, मान वर न करता एवढंच म्हणाल्या, ‘तो आपण खायचा.’

संध्याकाळी सहाला माझं भाषण नव्हतं. मावशींचं ते वाक्य होतं. शनिवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या.

त्यातून शिकले ते असं. हात चालू असताना बोला. छोटी वाक्यं, आणि प्रश्न वाक्यात घेऊन उत्तर द्या, कारण बातमीदाराचा प्रश्न बहुधा कापला जातो. ‘हो, तीच’ या उत्तराचा त्यांना काही उपयोग नसतो. मुलांचं चित्रण होणार असेल तर आईवडिलांची परवानगी आधी घेऊन ठेवा, आणि ज्यांची नको आहे ती मुलं दुसऱ्या खोलीत. बातमी छापण्याआधी दाखवा म्हणू नका; ते दाखवत नाहीत आणि दाखवूही नये. जेवून जा मात्र म्हणा. बसत नाहीत, पण डबा नेतात.

एकदा चूकही झाली. एका ठिकाणी ऑनलाइन मथळ्यात गणपतीची दिवाळी करून टाकली होती. ग्रुपवर संताप उसळला, कोणी म्हणे निषेधाचं पत्र काढा. मी फोन केला : अमुक बातमी, अमुक ओळ, चुकीचा शब्द हा, बरोबर शब्द हा. तासाभरात मथळा बदलला आणि खाली दुरुस्तीची ओळ आली. आधी नेहमी हेच करावं. त्याने भागलं नाही आणि गोष्ट खरंच गंभीर असेल, तर सीबीसीला तक्रारी बघणारा स्वतःचा ओम्बुड्समन आहे, खासगी रेडिओ-टीव्हीसाठी कॅनेडियन ब्रॉडकास्ट स्टँडर्ड्‌स कौन्सिल, आणि वर्तमानपत्रांसाठी नॅशनल न्यूजमीडिया कौन्सिल. रेडिओ-टीव्हीची तक्रार असेल तर चार आठवड्यांच्या आत करा. केंद्रांना प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण तेवढेच दिवस ठेवावं लागतं.

आणि स्वतःच बोलायचं असेल तर

सामुदायिक केंद्रांना माणसं हवी असतात. नियमच आहे की त्यांच्या आठवड्यातला किमान १५ टक्के वेळ गावात तयार झालेल्या बोलण्याचा असावा, नुसती गाणी नव्हेत. बोलणार कोण? तुम्ही-आम्ही.

केंद्राला लिहा, सभासद व्हा, प्रशिक्षणाला बसा. प्रस्तावात ‘मराठी संस्कृतीचा कार्यक्रम’ असं लिहू नका, त्यातून समोरच्याला काही दिसत नाही. पहिल्या चार भागांत काय असेल ते लिहा. माझ्या कागदावर होतं : एक, पहिल्या हिवाळ्याच्या गोष्टी. दोन, सुपर व्हिसावर मुलांकडे राहायला आलेल्या आज्या दिवसभर काय करतात. तीन, रात्रपाळीवाले. चार, इथे जन्मलेल्या मुलांचं मराठी. सोबत फोनवर केलेला दहा मिनिटांचा नमुना. खोलीत कपड्यांचं कपाट उघडं ठेवून बोला, आवाज घुमत नाही.

अर्ध्या तासात तीन गाणी आणि साधारण पंधरा मिनिटं बोलणं बसतं, त्याहून जास्त नाही. मजकूर मोठ्या अक्षरात लिहा आणि मोठ्याने वाचून बघा. ज्या वाक्यात दम लागतो ते तोडा. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं इंग्रजीत सांगा. मंडळातले म्हणतात, मराठी कार्यक्रमात इंग्रजी कशाला? रेडिओ लावणारा कोण आहे ते आपल्याला दिसत नाही म्हणून. आणि पुढच्या पाळीचा माणूस दाराशी येऊन उभा असतो, वेळेच्या आत उठा.

पहिल्या दिवशी मी चुकीची पट्टी वर सरकवली. चाळीस सेकंद माझा आवाज कुठेच गेला नाही, मी मात्र हेडफोन लावून रंगात येऊन बोलतेय. काचेपलीकडचा पोरगा दोन्ही हात हलवत होता, मला वाटलं प्रोत्साहन देतोय. तेव्हापासून बोलण्याआधी काटा हलतोय का बघते, मग तोंड उघडते.

तिसऱ्या भागात रात्रपाळीवाल्यांसाठी एक अभंग लावला. तो संपता संपता स्टुडिओचा फोन वाजला. ४०१ महामार्गावरचा एक ट्रकवाला. मराठी नव्हता, आपल्या कुठल्याच भाषेचा नव्हता. त्याला फक्त ते टाळ वाजत होते त्या गाण्याचं नाव हवं होतं, बायकोला ऐकवायचं म्हणाला. आणि मी गाण्यांची यादी घरी ओट्यावर विसरून आले होते, रेडिओच्या शेजारी. गायकाचं नाव सांगितलं, अभंगाची पहिली ओळ चुकीची सांगितली, त्याने ती इंग्रजी अक्षरांत कशीबशी लिहून घेतली.

यादीच्या आता दोन प्रती काढते. एक पर्समध्ये, एक बसमध्ये.